कथालेखकांच्या अभिप्राय-गटात सामील होताना

अभिप्राय-गट म्हणजे चार ते आठ लिहिणारी माणसं. ती ठरावीक दिवशी भेटतात आणि एकमेकांच्या अप्रकाशित कथांवर बोलतात. शिकवणारा कुणी नसतो आणि टाळ्याही नसतात. येणारे बहुतेक जण स्वतःच्या कथेबद्दल ऐकायला येतात, पण लेखन सुधारतं ते मुख्यतः दुसऱ्याच्या कथेवर नेमकं बोलायची सवय लागल्यामुळे. सहा जणांच्या गटात तुमच्या एका कथेमागे इतरांच्या पाच वाचाव्या लागतात. हा हिशोब मनापासून मान्य असेल तरच पुढे जावं.

गट शोधायचा तर वाचनालयाचा सूचनाफलक, साहित्यसंस्थांचे कार्यक्रम, पुस्तकांची दुकानं आणि महाविद्यालयांचे भाषाविभाग इथे विचारावं. सगळ्यात खात्रीची जागा म्हणजे कथालेखनाची एखादी कार्यशाळा. ती संपल्यावर तिथलेच तीन-चार जण पुढे भेटत राहतात आणि त्यांना माणसं हवीच असतात. कुठेच काही नसेल तर अशाच सहभागींना गोळा करून स्वतः सुरुवात करावी. मात्र चारपेक्षा कमी जण नकोत. तिघांतला एक आला नाही, तर लेखकासमोर एकच वाचक उरतो आणि त्या एकाची आवडनिवड हाच निकाल ठरतो. आठाच्या वर गेलात तर तुमची पाळी इतक्या उशिरा येते की लिहिण्याची लय तुटते.

पहिल्यांदा पाहुणे म्हणून जा

सदस्य होण्याआधी एक बैठक नुसती ऐकायला मिळेल का, ते विचारा. चांगले गट सहसा नाही म्हणत नाहीत. तिथे लोक किती गोड किंवा किती कडक बोलतात याकडे फार लक्ष देऊ नका. बोलणारा पानावर बोट ठेवून बोलतो का, हे पाहा. "तिसऱ्या पानावर मुलगा दार उघडतो तिथे मी गोंधळलो" असं कानावर पडलं तर तो गट कामाचा आहे. "कथेला खोली नाही", "भाषा अजून फुलायला हवी" अशीच वाक्यं ऐकू येत असतील तर लेखकाला घरी जाऊन दुरुस्त करण्यासारखं काहीच मिळत नाही.

आणखी एक खूण म्हणजे शेवटचा शब्द कुणाचा असतो. दरवेळी एकच ज्येष्ठ सदस्य समारोप करत असेल आणि बाकीचे त्याच्याकडे पाहून आपलं मत बदलत असतील, तर त्या गटात अभिप्राय एकाचाच असतो. बोलायची सुरुवात दरवेळी वेगळ्या माणसापासून करणं हा यावरचा साधा उपाय आहे. गट तो पाळतो का, ते बघा.

मग संयोजकाला सरळ प्रश्न विचारा. किती दिवसांनी भेटता? कथा आधी पाठवायची की तिथेच वाचून दाखवायची? शब्दमर्यादा किती? कोणत्या प्रकारचं लेखन चालतं? (रहस्यकथा किंवा विज्ञानकथा न वाचणाऱ्यांच्या गटात तसं लिहिणाऱ्याची ओढाताण होते.) न वाचता आलेल्या सदस्याचं काय करता? या शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर तो गट फार काळ टिकत नाही, कारण मेहनतीने वाचणारे हळूहळू येईनासे होतात.

पद्धत आणि वेळेचं गणित

वाचून दाखवण्याच्या पद्धतीत वेळ फार जातो. मराठी गद्य सावकाश वाचलं तर मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे शब्द होतात, म्हणजे 2,000 शब्दांची कथा सोळा ते वीस मिनिटं खाते. शिवाय चांगला आवाज कच्च्या संवादांनाही तारून नेतो आणि दोष झाकले जातात. लय, अडखळणारी वाक्यं, कृत्रिम संवाद तपासायला मात्र मोठ्याने वाचण्यासारखं दुसरं काही नाही. म्हणून कथा आठवडाभर आधी पाठवायची आणि बैठकीत फक्त एखादं पान वाचायचं, हा मधला मार्ग आम्हांला सर्वांत चांगला वाटतो.

बोलण्याची बरीच रूढ पद्धत 'मिलफर्ड' नावाने ओळखली जाते. 1956 साली अमेरिकेत मिलफर्ड या गावी सुरू झालेल्या विज्ञानकथालेखकांच्या मेळाव्यावरून हे नाव आलं. सगळे गोलाकार बसतात, प्रत्येकाला मोजकी तीन-चार मिनिटं मिळतात, मध्ये कुणी बोलत नाही, लेखकही नाही. सर्वांचं झाल्यावर लेखक उत्तर देतो आणि मग मोकळी चर्चा होते. सहा जणांच्या गटात पाच जणांची वीस मिनिटं, लेखकाची पाच आणि चर्चेची दहा धरली, तर एका कथेला पस्तीस मिनिटं लागतात. दोन तासांत तीन कथा होतात. पंधरवड्याला भेटत असाल तर महिन्यातून एकदा तुमची पाळी येते.

कादंबरी लिहिणाऱ्यांनी हे गणित आधीच करावं. 80,000 शब्दांची कादंबरी महिन्याला 3,000 शब्दांनी दाखवली तर दोन वर्षांहून जास्त काळ लागेल, आणि पहिलं प्रकरण तोवर कुणाच्या लक्षात राहणार नाही. गटात सुरुवातीची दोन-तीन प्रकरणं दाखवावीत. पूर्ण मसुदा मात्र दोघा-तिघांशी अदलाबदलीने वाचून घ्यावा.

पहिली कथा कोणती द्यावी

पूर्ण झालेली, निदान एकदा पुनर्लेखन केलेली, 2,500 शब्दांच्या आतली द्यावी. पहिला खर्डा देऊ नये, कारण जे दोष तुम्हांला आधीच दिसतात तेच ऐकण्यात सगळ्यांचा वेळ जातो. नुकतीच स्पर्धेला पाठवलेली कथाही नको. तिच्यात आता बदल करता येणार नाही, त्यामुळे लेखकाला नुसती कौतुकाची आस लागते.

फाइल युनिकोडमध्ये असू द्या. जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की अक्षरांचा खिचडा होतो. ओळींमध्ये दीडपट अंतर, रुंद समास आणि पान क्रमांक हवेतच. पान क्रमांक नसले की बैठकीतली दहा मिनिटं "कुठे, कुठे?" करण्यात जातात. वाचकांना काही विचारायचं असेल तर दोन-तीन प्रश्न कथेच्या शेवटी लिहा. "शेवट कळतो का?" हा प्रश्न सुरुवातीलाच वाचला, तर वाचक पहिल्या ओळीपासून शेवटाचाच वास घेत वाचतो.

कल्पना चोरीला जाईल अशी धास्ती अनेकांना असते. लिहिलेल्या मजकुराचा कॉपीराइट लिहिताक्षणीच लेखकाचा होतो, त्यासाठी नोंदणीची अट नाही. नुसत्या कल्पनेला मात्र संरक्षण नसतं. गटातल्या कथा बाहेर पाठवायच्या नाहीत, हा नियम स्पष्ट ठरलेला असावा. कथा सर्वांना दिसेल अशा ठिकाणी टाकू नये. बऱ्याच मासिकांना आणि स्पर्धांना अप्रकाशित कथाच हवी असते.

दुसऱ्याची कथा वाचताना

दोनदा वाचा. पहिल्यांदा सलग, आणि जिथे लक्ष उडालं, गोंधळ झाला किंवा मागचं पान पुन्हा उलटावं लागलं तिथे समासात फक्त एक रेघ मारा. पहिल्या वाचनातली ही प्रतिक्रिया नंतर आठवून मिळत नाही, म्हणून ती तिथल्या तिथे नोंदायची. दुसऱ्या वाचनात त्या रेघांची कारणं शोधा.

बैठकीत सुरुवात कथेचा आशय दोन वाक्यांत सांगून करा: ही कुणाची गोष्ट आहे, त्याला काय हवं आहे, शेवटी काय बदलतं. लेखकाला हे फार मोलाचं असतं. त्याच्या मनातली कथा आणि वाचकापर्यंत पोचलेली कथा यांतली तफावत तिथेच दिसते. पुढे जमलेली एक-दोन ठिकाणं कारणासह सांगा, नाहीतर पुनर्लेखनात लेखक नेमकं तेच काढून टाकतो. मग मोठे प्रश्न घ्या, म्हणजे कथा योग्य जागी सुरू होते का, निवेदन मध्येच दुसऱ्या पात्राच्या मनात शिरतं का, वगैरे. वाक्यरचना सर्वांत शेवटी.

ऱ्हस्व-दीर्घ कागदावर दुरुस्त करा, तोंडी नको. त्यात शिरलं की अर्धा तास जातो आणि कथा बाजूलाच राहते. पात्राची बोली प्रमाणभाषेत आणायचा आग्रहही धरू नका. ती बोली पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखी राहते का, एवढंच विचारा. आणि "मी असतो तर शेवट असा केला असता" हे वाक्य गिळून टाका. लेखकाला तुमची कथा नको, स्वतःची नीट हवी आहे.

आपली पाळी आली की

गप्प बसा आणि लिहून घ्या: कोण, कोणतं पान, काय म्हणालं. "मला तिथे असं म्हणायचं होतं" असं सांगावंसं वाटतं ती जागा ठळक खुणेने नोंदवा, कारण जे म्हणायचं होतं ते पानावर उतरलेलं नाही. कागद चार-पाच दिवस बाजूला ठेवा. त्याच रात्री बसलात तर एक तर सगळंच बदलाल, नाहीतर काहीच नाही.

नंतर टिपणं पानांनुसार एकत्र मांडा. तिघांनी एकाच जागेवर बोट ठेवलं असेल तर तिथे दोष आहे, हे धरून चाला. उपाय मात्र तिघांचे वेगळे असतील आणि कदाचित तिन्ही चुकीचे. शेवट एकाला घाईचा वाटला, दुसऱ्याला अपेक्षित, तिसऱ्याला कळलाच नाही, तर बहुतेक वेळा दोष शेवटात नसून चार-पाच पानं आधी असतो. एखादी गोष्ट तिथे पेरायची राहून गेलेली असते. एकट्यानेच काढलेली हरकत पटली तर घ्या, नाही पटली तर सोडा.

तीच कथा पुढच्याच बैठकीत पुन्हा आणू नका. पहिला मसुदा माहीत असलेले वाचक नव्या मसुद्यातल्या रिकाम्या जागा स्वतःच भरतात. दुसरं मत हवं तर ज्याने ती वाचलेली नाही अशा माणसाला गाठा.

तीन-चार बैठकांनंतर गट पारखा. घरी परतताना लिहायला बसावंसं वाटत असेल, मग ऐकलेलं कितीही बोचरं असो, तर राहा. प्रत्येक वेळी लिहिणं आठ-आठ दिवस थांबत असेल, किंवा टीका कथेवरून लेखकावर घसरत असेल, तर बाहेर पडा. संयोजकाला तसं सांगा आणि ज्यांच्या कथा तुमच्याकडे वाचायला आल्या आहेत त्यांचे अभिप्राय लिहून देऊन मगच निघा.