कम्युनिझम समजून घ्यायचाय? मग प्रत्येक देशात सातबारा कुणाच्या नावावर होता ते आधी बघा

मार्क्सवाद वाचायचाय, कुठून सुरू करू असं कुणी विचारलं की लोक लगेच मार्क्सच्या दास कॅपिटलचा पहिला खंड हातात देतात, मग तो माणूस मूल्याच्या पहिल्याच प्रकरणात अडकतो, महिनाभर झगडतो आणि पुस्तक कपाटात जातं. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण या विचाराने कोट्यवधी लोकांचं आयुष्य बदललंय, कुणाला जमीन मिळाली, कुणाची गेली, कितीतरी लोकांचा जीव गेला, आणि हे आपल्याला नीट कळायलाच पाहिजे. म्हणून मी ज्या पद्धतीने वाचतो ती सांगतो.

एक साधी वही घ्या, एका देशाला एक पान. प्रत्येक पानावर तीनच प्रश्न लिहा: आधी जमीन कुणाची होती, कम्युनिस्ट पार्टीच्या मागे नक्की कोण उभं राहिलं, आणि सत्ता आल्यावर त्या जमिनीचं काय झालं. आपल्या भाषेत सांगायचं तर सातबारा कुणाच्या नावावर होता आणि नंतर कुणाच्या नावावर चढला.

सुरुवात मार्क्स-एंगल्सच्या कम्युनिस्ट जाहीरनाम्यापासून करा. फेब्रुवारी १८४८ मध्ये लंडनला जर्मन भाषेत छापलेला, छोटासा आहे, दोन बैठकीत होतो. पण मूळ मजकुराच्या आधी नंतरच्या आवृत्त्यांच्या प्रस्तावना वाचा, लोक नेमक्या त्याच सोडून देतात. १८७२ च्या प्रस्तावनेत मार्क्स-एंगल्स स्वतःच सांगतात की दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटच्या मागण्या आज आम्ही वेगळ्या लिहिल्या असत्या. आणि १८८२ च्या रशियन आवृत्तीत तर ते रशियातल्या गावाच्या सामाईक जमिनीबद्दल बोलतात, की रशियातल्या क्रांतीने पश्चिमेतल्या कामगारांना जाग आणली तर ही सामाईक मालकीच तिथल्या कम्युनिस्ट वाटचालीची सुरुवात ठरू शकते. म्हणजे आधी कारखाने, मग कामगार, मग क्रांती अशी एकच वाट सगळ्या देशांना लागू असं खुद्द मार्क्सही धरून बसला नव्हता. हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, पुढे सारखं कामाला येतं.

मग रशिया. इथं तारखांचा घोळ होतो, तिथलं जुनं कॅलेंडर १३ दिवस मागे होतं म्हणून ऑक्टोबर क्रांती आपल्या तारखेने ७ नोव्हेंबर १९१७ ला येते. दुसऱ्याच दिवशी जमिनीचा हुकूम निघाला, जमीनदारांची मालकी एक पैसा भरपाई न देता रद्द. त्यातला बराच मजकूर शेतकऱ्यांनीच पाठवलेल्या मागण्यांवरून घेतलेला होता. सैन्यातली पोरं शेतकऱ्यांचीच, त्यामुळे हा हुकूम किती खोल गेला असेल बघा. पण तिसऱ्या प्रश्नाला इथं दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही लिहायची. १९२९ पासून स्टालिनच्या काळात त्याच शेतकऱ्यांना जबरदस्तीने सामूहिक शेतीत ढकललं, आणि १९३२-३३ च्या दुष्काळात युक्रेन, कझाकस्तानात लाखो माणसं मेली. समर्थक १९१७ वर थांबतात, विरोधक १९३२ पासून सुरू करतात, तुम्ही दोन्हीकडे थांबा.

चीनच्या पानाला सगळ्यात जास्त वेळ द्या. तिथं पार्टी आधी शहरातल्या कामगारांवर उभी होती, पण एप्रिल १९२७ मध्ये शांघायला राष्ट्रवादी पक्षाच्या च्यांग काय-शेकने कामगार संघटना आणि कम्युनिस्ट अक्षरशः कापून काढले. माओने त्याच वर्षी हुनानच्या शेतकरी चळवळीवर अहवाल लिहिला होता, आणि पार्टी खेड्याकडे वळली ती वळलीच. १९४९ ला सत्ता आली, शेतकऱ्यांना जमीन वाटली, १९५८ मध्ये कम्यून, म्हणजे अनेक गावांची मिळून एक सामूहिक शेती, करून परत एकत्र केली, आणि पुढच्या दुष्काळात कोट्यवधी लोक उपाशी मेले.

आणि आता एक कागद बघा. १९७८ साल, आनहुइ प्रांतातलं श्याओगांग गाव. १८ शेतकऱ्यांनी रात्री गुपचूप एका कागदावर अंगठे उठवले, की कम्यूनची जमीन घराघरात वाटून कसायची, सरकारचा वाटा देऊन उरलेलं आपलं, आणि यात म्होरक्याला तुरुंगात जावं लागलं तर त्याची पोरं १८ वर्षांची होईपर्यंत बाकीच्यांनी सांभाळायची. चीनच्या आर्थिक सुधारणांवर कितीही वाचलं तरी त्या अंगठ्यांपाशी थांबल्याशिवाय भीती किती होती आणि भूक किती होती ते कळत नाही. पुढे हीच पद्धत देशभर लागू झाली, पण लक्षात घ्या, खेड्यातल्या जमिनीची मालकी आजही सामूहिकच आहे, घराला मिळतो तो कसायचा हक्क.

व्हिएतनाम पटकन होतं. तिथल्या कम्युनिस्ट चळवळीचा नेता हो ची मिन्हला १९२० मध्ये पॅरिसमध्ये लेनिनचं वसाहतींवरचं लिखाण वाचून वाट सापडली, तिथं जमिनीच्या प्रश्नाला स्वातंत्र्याचा प्रश्न जोडलेला आहे, एवढं लिहिलंत तरी चालेल.

भारताला मात्र एक पान पुरत नाही. केरळात ५ एप्रिल १९५७ ला नंबूद्रीपादांचं कम्युनिस्ट सरकार मतपेटीतून आलं, आणि आठवड्याच्या आत कुळांना जमिनीवरून हुसकवायला बंदी करणारा वटहुकूम निघाला. ३१ जुलै १९५९ ला केंद्राने ते सरकार बरखास्त केलं, पण १९७० पासून कूळपद्धत कायद्याने संपली ती संपलीच. बंगालात १९७८ पासून वाटेकऱ्यांची नावं नोंदवायची मोहीम झाली, त्या जोरावर कम्युनिस्टांच्या नेतृत्वातली डावी आघाडी सत्तेत ३४ वर्षं टिकली, आणि त्याच सरकारच्या पोलिसांनी १४ मार्च २००७ ला नंदीग्राममध्ये कारखान्यांसाठी जमीन द्यायला नकार देणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या, १४ जण गेले. २०११ ला सत्ता गेली. हे पान भरताना हात जड होतो, तरी भरा.

वाचताना शब्दांकडे पण लक्ष ठेवा. सोव्हिएत युनियनने स्वतःला कम्युनिस्ट देश म्हटलं नाही, नावात समाजवादी होतं, कम्युनिझम ही पुढे गाठायची अवस्था. पार्टी कम्युनिस्ट, राज्य समाजवादी, एवढा फरक धरला की अर्धी भांडणं वाचताना सुटतात.

शेवटचं पान आपलं. मुंबईत १९२८ च्या संपातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली ते बऱ्याच जणांना माहीत असतं, पण सातबाऱ्याचा प्रश्न घेऊन निघालात तर तेव्हाच्या ठाणे, आताच्या पालघर जिल्ह्यात या. १९४५ मध्ये कम्युनिस्ट कार्यकर्ते गोदावरी आणि शामराव परुळेकरांबरोबर वारली आदिवासी उठले ते वेठीविरुद्ध. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतले की नवरा-बायको दोघं त्याच्याकडे राबणार, वर्षानुवर्षं, त्याला लग्नगडी म्हणायचे. तलासरी-डहाणूकडे जाणं झालं तर तिथल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसा, लग्नगडीबद्दल आईबापांकडून काय ऐकलंय ते विचारा, आणि ते सांगतील ते त्यांच्याच शब्दात पहिल्या प्रश्नाखाली लिहा.