मांजराला गुठळीवरचे औषध घरी कसे द्यावे

हृदयाचा स्नायू जाड होण्याचा विकार असलेल्या मांजरात डावी कर्णिका (हृदयाचा डावा वरचा कप्पा) फुगते, तेथे रक्त रेंगाळते आणि त्याची गुठळी बनते. ती सुटून महाधमनीच्या (शरीराच्या मुख्य रक्तवाहिनीच्या) टोकाशी अडकली, तर मागचे पाय एकाएकी लुळे व गार पडतात, पंजांच्या गाद्या निळसर होतात आणि मांजर वेदनेने आक्रोश करते. अशा वेळी पाय चोळण्यात वा शेकण्यात वेळ न घालवता ताबडतोब पशुवैद्य गाठावा.

या संकटातून वाचून घरी आलेल्या मांजराला बहुधा रोज क्लोपिडोग्रेल द्यावे लागते. लोक याला ‘रक्त पातळ करणारे औषध’ म्हणतात, पण त्याने रक्त पातळ होत नाही आणि झालेली गुठळीही विरघळत नाही. रक्तातील बिंबिका (प्लेटलेट्स) एकमेकींना चिकटू नयेत, एवढेच ते पाहते. म्हणूनच मांजर बरे दिसू लागले तरी औषध आपल्या मनाने थांबवू नये. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात गुठळी पुन्हा होईपर्यंतचा मध्यक काळ (म्हणजे निम्म्या मांजरांत ती पुन्हा होण्यास लागलेला काळ) अ‍ॅस्पिरिनवर 192 दिवस, तर क्लोपिडोग्रेलवर 443 दिवस होता.

प्रचलित मात्रा 18.75 मिलिग्रॅम, म्हणजे माणसांच्या 75 मिलिग्रॅमच्या गोळीचा चौथा भाग. मात्र ती पशुवैद्यानेच ठरवावी. गोळी अतिशय कडू असते आणि तुटलेली बाजू जिभेला लागताच मांजर तोंडाला फेस आणते, मग दुसऱ्या दिवशी हाती लागत नाही. त्यामुळे तुकडा रिकाम्या जिलेटिन कॅप्सूलमध्ये घालून द्यावा व ती अन्ननलिकेत अडकू नये म्हणून लगेच सिरिंजने थोडे पाणी हळूहळू पाजावे. एखादा डोस चुकल्यास पुढचा दुप्पट करू नये.

धोका जास्त असल्यास पशुवैद्य सोबत रिव्हारोक्साबॅन किंवा हेपरिनची इंजेक्शने देतात. ही खरी गोठणरोधके असून ती रक्त गोठवणाऱ्या घटकांना रोखतात. दोन्ही प्रकार एकत्र चालू असताना रक्तस्रावाकडे अधिक लक्ष हवे. हिरड्या फिकट होणे, काळी शी, नाकातून किंवा लघवीतून रक्त जाणे, कातडीखाली जांभळे डाग यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी कळवावे. उंदीर मारण्याच्या विषावर गुणकारी ठरणारे व्हिटॅमिन के येथे उपयोगी पडत नाही. मेलॉक्सिकॅमसारखे वेदनाशामक परस्पर देऊ नये, आणि दात काढणे वा नसबंदी ठरली तर हे औषध चालू असल्याचे आधीच सांगावे.