या चुका टाळा: पार्ट टू सुटला म्हणजे एफआरएम झालात असं नाही

एफआरएम, म्हणजे फायनान्शियल रिस्क मॅनेजर या सर्टिफिकेटच्या परीक्षेचे दोन पार्ट असतात. त्यातल्या पार्ट टूचा निकाल लागला की दुसऱ्याच दिवशी लिंक्डइनवर नावापुढे एफआरएम लावणारे दर वर्षी दिसतात, आणि दर वर्षी मी कुणाला तरी मेसेज करतो की बाबा ते आधी काढ. ही परीक्षा घेणाऱ्या गार्प संस्थेला दोन्ही पार्ट तर हवेतच, वर फायनान्शियल रिस्कमधला दोन वर्षांचा फुलटाइम अनुभवही लागतो. तो मंजूर होईपर्यंत तुम्ही नुसते परीक्षा पास.

मी एवढा चिडतो कारण मी स्वतः तोंडावर आपटलोय. माझी तेव्हा नोकरी दीड वर्षाची, त्याआधी सहा महिने इंटर्नशिप, म्हटलं झाली की दोन वर्षं, आणि ईमेलच्या सहीत एफआरएम ठोकून दिलं. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि शांतपणे विचारलं, "सर्टिफिकेट कुठाय रे?" इंटर्नशिप धरत नाहीत हे मला तिथे उभ्या उभ्या मोबाइलवर वाचून कळलं. सही बदलली आणि सहा महिने गप बसलो. बरं अनुभव मंजूर करून घ्यायच्या अर्जात काम चार-पाच ओळींत सांगायचं असतं, तिथे "रिपोर्ट बनवतो" लिहून भागत नाही, कुठली रिस्क, ती कशी मोजता, त्यावर पुढे काय ठरतं हे यायला हवं. मी तेव्हापासून दर तीन महिन्यांनी काय केलं ते वहीत लिहून ठेवतो. पार्ट टूनंतर काही वर्षांची मुदत असते, म्हणून लोक निवांत राहतात आणि नंतर जुन्या साहेबांचे नंबर शोधत बसतात.

दुसरं माझं दुखणं म्हणजे कॅल्क्युलेटर. बीए टू प्लस नवा आणला की तो चेन मोडवर असतो, म्हणजे जे आधी दाबलं ते आधी करतो, गुणाकार-बिणाकार काही बघत नाही. आमच्याकडचा एक ज्युनिअर मॉक सोडवत होता, सरासरी 1 टक्का, सिग्मा (म्हणजे प्रमाण विचलन) 2, झेड (खात्रीच्या पातळीचा गुणक) 1.65. त्याने 1 − 1.65 × 2 दाबलं, आलं −1.30, म्हणून व्हीएआर (व्हॅल्यू ॲट रिस्क, म्हणजे संभाव्य तोट्याचा आकडा) 1.30 टक्के, आणि तो पर्याय छापलेलाच होता! खरं उत्तर 2.30. गडी तासभर फॉर्म्युल्यात चूक शोधत होता. एओएस मोड लावा, त्यात गुणाकार-भागाकार आधी होतो, डेसिमल दोनचे वाढवा, आणि हे पहिल्या दिवशी करा, परीक्षेच्या आदल्या रात्री मित्राचा मागून आणलेला घेऊन बसू नका.

बाकीचं पटापट. निगेटिव्ह मार्किंग नाही, तरी प्रश्न कोरे सोडणारे महाभाग आहेत. दोन्ही पार्ट एकाच सत्रात देणार असाल तर पार्ट वन उडाला की पार्ट टू तपासतच नाहीत, मला विचाराल तर ही घाई नकोच, पार्ट वननंतर चार वर्षं मिळतात. टेलिग्रामवरच्या जुन्या पीडीएफवर तर माझा रागच आहे, करंट इश्यूजचं, म्हणजे ताज्या विषयांचं वाचन दर वर्षी बदलतं आणि पार्ट टूत त्याला 10 टक्के आहेत. आणि फॉर्ममध्ये नाव ओळखपत्रावर आहे तसंच टाका, वडिलांच्या नावासकट.