एएच्या मीटिंगला पहिल्यांदा जाताना आधी एक फोन करा

दारू सोडायची म्हणून माणूस मोठ्या धीराने मीटिंगला निघतो आणि बंद दार बघून परत फिरतो. माझ्या भावाचं असंच झालं. पुन्हा निघायला त्याला चार महिने लागले.

अल्कोहोलिक्स अनॉनिमस (एए) म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देणारे गट. त्यांच्या मीटिंगा बऱ्याचदा शाळेच्या किंवा चर्चच्या एखाद्या खोलीत भरतात. बाहेर मोठी पाटी असेलच असं नाही. म्हणून त्याच दिवशी दुपारी एएच्या हेल्पलाइनला फोन करून एवढं विचारा:

१. आज मीटिंग नक्की आहे ना? कोणत्या गेटने, कोणत्या खोलीत?
२. मराठीत बोलतात का?
३. ओपन आहे की क्लोज्ड? क्लोज्ड मीटिंग फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी असते. बायको किंवा भाऊ सोबत येणार असेल तर ओपनच निवडा.
४. दाराशी कुणी भेटेल का? हे जरूर विचारा. सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो.

दहा मिनिटं आधी पोहोचा. फी नसते, आडनाव सांगावं लागत नाही, नुसतं ऐकत बसलात तरी चालतं. एक गट नाही रुचला तर दुसरीकडे जा. प्रत्येक गटाची माणसं वेगळी. घरच्यांसाठी अल-अनॉनच्या मीटिंगा वेगळ्या असतात.

नंबर हाताशी नसेल तर व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६, मोफत.

मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता एकदम दारू बंद करू नये. फिट येऊ शकते, जिवावरही बेतू शकतं.