माउंट केलेल्या शेअरवरील मालकीचा घोळ कसा निस्तरावा

लिनक्सवर शेअर (नेटवर्कवरून वापरायचा, सर्व्हरवरचा फोल्डर) माउंट झालेला, म्हणजे आपल्या यंत्राला जोडलेला आहे, फाइली दिसतही आहेत, पण लिहायला गेले की ‘परमिशन डिनाइड’ येते; अशा वेळी ‘सीएचमॉड ७७७’ (सर्वांना सर्व परवानग्या देणारी आज्ञा) करून मोकळे होण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो मानू नये. त्याने दुखणे झाकले जाते आणि फाइली मात्र सर्वांसाठी खुल्या होतात.

आधी क्लायंटवर (शेअर वापरणाऱ्या यंत्रावर) आणि सर्व्हरवर, दोन्हीकडे, त्याच फोल्डरवर ‘एलएस -एलएन’ (फाइलींची यादी मालकासह दाखवणारी आज्ञा) चालवावे. यातला ‘एन’ महत्त्वाचा, कारण तो नावांऐवजी आकडे दाखवतो. एनएफएसच्या (नेटवर्कवरून फोल्डर वाटण्याच्या पद्धतीच्या) नेहमीच्या ‘सिस’ सुरक्षेत सर्व्हर परवानगी ठरवतो ती क्लायंटने पाठवलेल्या यूआयडी (वापरकर्त्याचा क्रमांक) आणि जीआयडी (गटाचा क्रमांक) या आकड्यांवरून. त्यामुळे दोन्ही यंत्रांवर वापरकर्त्याचे नाव एकच असले, तरी इथे १००० आणि तिथे १००१ असेल, तर सर्व्हरच्या लेखी ती दोन वेगळी माणसे असतात. एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीत दोन्हीकडचे डोमेन (नावांमागे लागणारे नेटवर्कचे नाव) जुळले नाही तर मालक ‘नोबडी’ दिसतो आणि लोक तासन्‌तास नावे आणि आकडे जुळवणाऱ्या ‘आयडीमॅपडी’ची फाइल उकरत बसतात, पण ‘सिस’ सुरक्षेत ते नाव दुरुस्त झाले तरी अडलेली परवानगी सुटत नाही.

म्हणून क्लायंटवरचा आकडाच सर्व्हरशी जुळवून घ्यावा, आणि खरी कसरत इथेच आहे. वापरकर्त्याला पूर्ण लॉगआउट करून रूटने (मुख्य प्रशासक खात्याने) यूआयडी बदलणारी ‘यूजरमॉड -यू’ चालवावी. ही आज्ञा होम फोल्डरमधील त्याच्या फाइलींची मालकी बदलते. बाहेरच्या फाइली ‘फाइंड’ने जुना यूआयडी शोधून ‘सीएचओन -एच’ या मालक बदलणाऱ्या आज्ञेने बदलाव्या लागतात. दोन वापरकर्त्यांच्या आकड्यांची अदलाबदल करताना मी एकदा १००० च्या सर्व फाइली सरळ १००१ च्या केल्या. त्या क्षणी दोघांच्या फाइली एकमेकींत मिसळल्या आणि कोणती कोणाची हे ओळखायला बॅकअपखेरीज काहीच उरले नाही. अदलाबदल नेहमी ५००० सारख्या तिसऱ्या, मोकळ्या आकड्यामार्गे करावी. शिवाय त्याआधी शेअर अनमाउंट करावा आणि ‘फाइंड’ला ‘-एक्सडेव्ह’ द्यावे, नाहीतर ते माउंट केलेल्या शेअरमध्येही शिरते. सर्व्हरवर ‘नो_रूट_स्क्वॅश’ (क्लायंटच्या रूटला तिथेही रूटच मानणारी सेटिंग) असेल तर तिथलीही मालकी बदलून मोकळे होते.

क्लायंटवरून रूटलाही शेअरवर लिहिता येत नसेल तर घाबरू नये: ‘रूट_स्क्वॅश’ मूळचेच चालू असते आणि रूटला सहसा ६५५३४ क्रमांकाचा ‘नोबडी’ बनवते. ते बंद करण्यापेक्षा मालकीची कामे सर्व्हरवरच करावीत.

विंडोज किंवा सांबाचा (विंडोजच्या पद्धतीने फोल्डर वाटणाऱ्या प्रणालीचा) शेअर असेल, तर ‘सीएचओन’ सहसा कामी येत नाही. माउंट करतानाच ‘यूआयडी’, ‘जीआयडी’, ‘फाइल_मोड’ आणि ‘डिर_मोड’ द्यावेत.

सामायिक फोल्डरला ‘सीएचमॉड’ने ‘२७७५’ ही परवानगी द्यावी, म्हणजे नव्या फाइली फोल्डरच्याच गटात राहतात. आकडे जुळूनही एखाद्यालाच अडवले जात असेल, तर त्याचे गट मोजावेत: ‘सिस’ पद्धतीत १६ पेक्षा जास्त अतिरिक्त गट सर्व्हरपर्यंत पोहोचतच नाहीत. त्यावर सर्व्हरवरील ‘माउंटडी’ला (माउंटच्या विनंत्या हाताळणाऱ्या सेवेला) ‘--मॅनेज-जीआयडीज’ द्यावे. मग गटांची यादी सर्व्हर स्वतःच काढतो, पण त्यासाठी तो वापरकर्ता आणि त्याचे गट सर्व्हरवर नोंदलेले असावे लागतात.