उभ्या गाडीची बॅटरी उतरायची, ती कशी थांबवली

गाडी दोन-दोन महिने उभी राहायची आणि परत आलो की सेल मारताना नुसती टकटक. दोन बॅटऱ्या अशाच गेल्या. घरातलं कुणीतरी आठवड्यातून एकदा पाच मिनिटं इंजिन चालू ठेवायचं, पण आठवडाभरात गेलेला चार्ज तेवढ्यात भरून निघत नाही.

शेवटी बंद गाडी किती करंट खाते ते मोजायला मल्टिमीटर घेऊन बसलो. गाडी लॉक करून अर्धा तास थांबलो (आतले कंप्युटर झोपायला वेळ घेतात) आणि निगेटिव्ह वायरच्या मध्ये मीटर जोडला. ५० मिलिअँपिअर! आकडा किरकोळ वाटतो, पण दिवसाला १.२ अँपिअर-अवर, महिन्याला ३६. माझी बॅटरीच ४५ची. एकेक फ्यूज काढत गेलो, तेव्हा नंतर बसवलेला डॅशकॅम सापडला. त्याची वायर इग्निशनवर घेतली, म्हणजे चावी फिरवली तरच तो चालू होईल. करंट २०वर आला.

तरी तेवढ्याने भागत नाही. लेड-ॲसिड बॅटरी उतरलेली पडून राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक स्फटिक जमतात, मग चार्जिंग धरतच नाही. म्हणून आता फ्लोट मोड असलेला स्मार्ट चार्जर कायम जोडून ठेवतो. बॅटरी भरली की तो व्होल्टेज आपोआप १३.५च्या आसपास उतरवतो. साधा जुना चार्जर मात्र असा लावून जाऊ नका, बॅटरीतलं पाणी आटतं.

जवळ प्लग नसेल तर निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा.

परवा दहा आठवड्यांनी चार्जर काढला, तासाभराने मोजलं: १२.७ व्होल्ट. पहिल्याच सेलला गाडी सुरू!