स्लाव भाषांतील अवयवांच्या शब्दांचा तक्ता कसा करावा

शूर्पणखेच्या नाकावरून ज्या गावाचे नाव पडले असे सांगतात, त्या नाशिकात बसून हा तक्ता करणाऱ्याने सुरुवात नाकापासूनच करावी. कारण रशियन, पोलिश, चेक, सर्बियन आणि बल्गेरियन या पाचही स्लाव भाषांत नाकाला ‘नोस’च म्हणतात आणि ‘नासिका’ ही त्याची दूरची बहीण आहे. शूर्पणखेचे नखही येथे उपयोगी पडते. रशियनमध्ये नखाला ‘नोगत’ म्हणतात, परंतु त्याच मुळातून आलेला ‘नोगा’ म्हणजे आख्खा पाय.

पहिल्या रकान्यात इंग्रजी शब्द लिहू नयेत. इंग्रजीत हाताचे मनगटापाशी दोन वाटे पडतात. रशियन ‘रुका’ आणि पोलिश ‘रेंका’ मात्र आपल्या ‘हाता’प्रमाणेच खांद्यापासून बोटांपर्यंत पोहोचतात. म्हणून एका कागदावर शरीराची आकृती काढावी आणि प्रत्येक शब्द कोठून कोठपर्यंत चालतो तेवढा भाग भाषेगणिक वेगळ्या रंगाने भरावा.

याचे महत्त्व अंगठ्यापाशी कळते. रशियन व पोलिश ‘पालेत्स’ म्हणजे हाताचे किंवा पायाचे कोणतेही बोट. तोच शब्द चेकमध्ये फक्त अंगठ्यासाठी वापरतात आणि बोटाला ‘प्रस्त’ म्हणतात. सर्बियनमध्येही बोट ‘प्रस्त’ आणि अंगठा ‘पालत्स’. रशियनमधला ‘पेर्स्त’ आता ग्रांथिक उरला आहे, तरी शिंप्याच्या अंगुस्तानाला तेथे ‘नापेर्स्तोक’च म्हणतात. (आपल्या ‘अंगुस्तान’मध्येही फारसी बोट दडलेले आहेच.) असे जुने शब्द गाळू नयेत, त्यांच्यासाठी वेगळा रकाना ठेवावा. डोळ्याचा ‘ओको’ इतरत्र रोजच्या बोलण्यात असला, तरी रशियनमध्ये तो कवितेपुरताच राहिला आहे.

प्रमाणभाषेचे शब्द कोशात सापडतात. खेड्यांतील बोलींसाठी, ज्याची योजना 1958 मध्ये मॉस्कोच्या स्लाव अभ्यासकांच्या परिषदेत ठरली, तो सर्वस्लाव भाषिक नकाशासंग्रह पाहावा.

‘झिवोत’ लिहिताना सावध राहावे. सर्बियन व चेकमध्ये त्याचा अर्थ आयुष्य, म्हणजे आपले ‘जीवित’च, आजच्या रशियनमध्ये मात्र पोट. पोटासाठीच जगणाऱ्यांना हे फारसे खटकणार नाही.

शेवटी प्रत्येक शब्द ‘दुखते’ या क्रियापदाबरोबर वापरून पाहावा. रशियन माणसाची ‘प्लेची’ दुखत असेल तर मलम खांद्यांना चोळावे लागते. पोलिश माणसाची ‘प्लेत्सी’ दुखत असेल तर पाठीला.